हळद लागलेली टेप

शिजणाऱ्या हळदीचा वास फार छान असतो असं जो म्हणतो, त्यानं तो रस्त्यानं जाता जाता घेतलेला असतो. महिनाभर त्या वासात राहून बघावं. तो कपड्यांत बसतो, उशीत बसतो, चहातसुद्धा उतरतो. लग्न होऊन कुरुंद्याला आले त्या पहिल्या वर्षी या वासाला वैतागून मी माहेरी जायची निमित्तं शोधत होते. आता आम्ही दोघं नोकरीतून मोकळे होऊन हिंगोलीत राहतो, आणि फाल्गुन लागला की मीच खिडकी उघडून उभी राहते. वास येतो तो समोरच्या भजीवाल्याच्या तेलाचा. परवा वसमतकडे एका कामाला निघालो तेव्हा जीपवाल्याला मी मुद्दाम कुरुंद्यावरून घ्यायला लावलं. शिवारात तीन-चार ठिकाणी वाफा निघत होत्या. चुलवणावरच्या मोठ्या कढया गेल्या, वाफेवर शिजवायची लोखंडी पिंपं आली, पण वास तोच. शेजारी आमचे हे बसले होते. त्यांनी नुसती काच खाली केली. आम्हा दोघांनाही एकच वर्ष आठवत होतं, आणि ते एकमेकांना सांगायची गरज नव्हती.

त्या वर्षी हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पत्ता लिहिताना हात अजून सवयीनं परभणी लिहायचा आणि मग खोडाखोड व्हायची. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवायचे, हे हायस्कुलात गणित. घरची हळद चुलत दीर बघायचे. शिवरात्र झाली की काढणी सुरू. रानात कुदळी चालायच्या, घराच्या मागे कढया चढायच्या, शिजलेले कंद अंगणापासून पार रस्त्याच्या कडेपर्यंत वाळत पडायचे. मग लोखंडी ढोलात घालून ते घोळायचे, म्हणजे वरची साल निघून हळकुंड चकाकतं. ढोल फिरवणाऱ्या माणसाच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात. शाळेत पोरांच्या वह्यांना पिवळी बोटं लागलेली असायची, आणि मी त्यांना रागवायचे तेव्हा माझीही बोटं पिवळीच असायची.

माझ्या सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. तरुणपणी ते विकास गटाच्या कार्यालयात होते. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना खताबियाण्याची माहिती ऐकवायची, म्हणून त्यांच्या ताब्यात एक टेपरेकॉर्डर दिलेला होता. कॅसेटचा नव्हे. त्याच्या आधीचा, दोन मोठ्या चकत्यांचा, ज्यात एका चकतीवरची टेप सुटत जाते आणि दुसरीवर गुंडाळत जाते. वजन असं की उचलायला दोन माणसं लागावीत. पुढे तो जुना झाला म्हणून कार्यालयानं काढून टाकला आणि मामंजींनी घरी आणला. मी आले तेव्हा तो कोपऱ्यात कापडाखाली होता आणि त्याच्यावर आम्ही समई ठेवायचो. तो कधी बोलला असेल असं कोणाच्या मनातही येत नसे.

आदल्या उन्हाळ्यात मामंजी गेले. त्यांची पेटी आवरताना तळाशी एक पत्र्याचा गोल डबा सापडला. आत टेपची एक चकती. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर मामंजींच्या अक्षरात एकच शब्द होता: गिरजा.

गिरजा म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या दुसऱ्या बाळंतपणात गेल्या, बाळही गेलं, तेव्हा हे अडीच वर्षांचे होते. मामंजींनी दुसरं लग्न केलं नाही. यांना आत्यानं वाढवलं. सासूबाईंचा एक फोटो भिंतीवर होता, त्यात त्या फोटोवाल्याला घाबरल्यासारख्या बघतात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, एकदा पेपर तपासता तपासता हे मध्येच मला म्हणाले होते, "चेहरा माहीत हाय मला. पण ती बोलायची कशी, ते काही केल्या डोक्यात येत न्हाई." त्यांनी लोकांना विचारून पाहिलं होतं. आत्या म्हणायची, आवाज कडक होता. मावशी म्हणायची, अगदी माझ्यासारखा. शेजारच्या काकू म्हणायच्या, ती बोलायचीच कुठं? गणिताच्या माणसाला एका प्रश्नाची तीन उत्तरं आली की चैन पडत नाही. एवढं बोलून त्यांनी पुढचा पेपर ओढला होता, आणि तो पेपर त्यांनी दोनदा तपासला होता.

तर तो डबा हातात आल्यावर त्यांनी आधी समई उचलून मशिनवरचं कापड काढलं. मशिन बंद पडलेलं, आतला पट्टा उंदरांनी खाल्लेला. पाऊसपाणी होऊ दे, मग दुरुस्त करणारा शोधू, असं ठरलं. डबा माझ्या ताब्यात आला. आणि मी काय केलं? डब्याच्या कडेला दोन चंदेरी किडे पळताना दिसले, तशी माझ्या अंगात माझी आई संचारली. ती तांदळाला जे करायची तेच मी केलं. घरची, ताजी दळून आणलेली हळद, चांगली दोन मुठी, त्या डब्यात टाकली, वरून कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला, झाकण गच्च लावलं आणि डबा फडताळात वर ठेवून दिला. पावसाळाभर मला त्या डब्याकडे बघून समाधान वाटायचं. एवढी काळजी कोण घेतं, असं वाटायचं.

वारंगा फाट्यावर परसरामचं दुकान होतं. नांदेडकडे जाणारे ट्रक तिथं थांबतात, त्यांचे टेप, हॉर्न, रेडिओ तो दुरुस्त करायचा. बंजारा तांड्यातला माणूस. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. त्याच्या भावांची कोरडवाहू शेती, आणि हा फाट्यावर तारा जोडत बसलेला. वयानं यांच्याएवढाच, चाळिशीचा. तरुणपणी एका उस्तादाच्या हाताखाली त्यानं जुन्या चकत्यांच्या मशिनी दुरुस्त केल्या होत्या, असं एका एस.टी. ड्रायव्हरकडून कळलं. शिवरात्रीनंतरच्या रविवारी आम्ही मशिन आणि डबा घेऊन त्याच्याकडे गेलो.

त्यानं झाकण उघडलं आणि दुकानात पिवळा धुरळा उडाला. आम्ही तिघंही शिंकलो.

"बाई, हे काय करून ठेवलं?"

"कीड लागू नये म्हणून हळद टाकली."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा यांच्याकडे. "टेपला किडे खात न्हाईत बाई," तो म्हणाला. "टेपला माणसंच खातात."

यांना हळदीचं माहीतच नव्हतं. मी जमिनीत जायला जागा शोधत होते. घरी परत येताना जीपमध्ये ते म्हणाले, "मीबी तेच केलं असतं. आपल्याकडं दुसरं हाय काय?" त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या पुढच्या सगळ्या चुका माफ केल्या आहेत, आणि त्या काही कमी नाहीत.

पण परसरामनं त्या दिवशी अजून एक गोष्ट केली. त्यानं चकती दाराकडे उजेडात धरली. "बघा सर, आरपार उजेड दिसून राहिला का?" टेपच्या थरांमधून तपकिरी उजेड खरंच दिसत होता. त्यानं नाकाशी धरून वास घेतला. हळदीच्या खाली एक आंबूस वास होता. "ही जुन्या जातीची. ही ताणत न्हाई, तुटती. तुटली तर बराबर तुटती, जोडता येती. नव्या जातीची तुटत न्हाई, ताणती. आणि एकदा ताणला तो आवाज पुन्हा सरळ व्हत न्हाई." मग त्यानं आम्हाला बजावलं की मशिन दुरुस्त झालं तरी ही टेप लगेच लावायची नाही. आधी दुसरी एखादी टेप लावून मशिनची खोड ओळखायची. किती जोरात ओढतं, कुठं अडकवतं, थांबवताना कसा झटका देतं. "तुमच्याकडं ही एकच हाय. हिच्यावर शिकता येनार न्हाई."

तोवर टेपवरची हळद काढायचं काम त्यानं आमच्यावर सोपवलं. एका फळीवर दोन खिळे, खिळ्यांवर दोन चकत्या, आणि मध्ये जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यातून टेप हातानं सावकाश ओढायची. ओढताना ताण द्यायचा नाही. आणि हळदीच्या हातानं शिवायचं नाही. कुरुंद्यात, ऐन हंगामात! मी लिंबानं हात धुतले, राखेनं धुतले, शेवटी सासूबाईंच्या टेपपुढे हात पुसायला कोरा पंचा काढला. शाळा सकाळच्या झाल्या होत्या. दुपारी मागचं दार लावून घ्यायचो, म्हणजे ढोलाची धूळ येणार नाही, आणि आम्ही दोघं फळीच्या दोन बाजूंना बसायचो. हे सोडायचे, मी गुंडाळायचे. मध्ये कापडावर पिवळी रेघ उमटायची. आठ दुपारी लागल्या. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण इतका वेळ समोरासमोर बसून, काही न भांडता, आम्ही पहिल्यांदाच काढला असेल. ते मध्येच विचारायचे, "आता या भागात काय असंल?" आणि मी म्हणायचे, "सासूबाई तुमच्या मास्तरकीवर हसत असतील." माझ्या बोटांमधून त्यांच्या आईचा आवाज सरकत होता आणि आम्हा दोघांनाही तो ऐकू येत नव्हता.

आता दुसरी टेप शोधायची. ती मी आणणार होते, कारण चूक माझी होती. नांदेडला एका जुन्या दुकानदारानं मागच्या खोलीतून दोन खोकी काढली. एका खोक्यावर जास्त वेळ चालते असं छापलेलं. मी तेच घेतलं. ब्लाउजपीस घेताना पन्हा मोठा दिसला की आपण दुसरीकडे बघतो का? परसरामनं ती बोटांत धरली आणि हसला.

"बाई, जास्त वेळ चालती, कारण पातळ हाय. तेवढ्याच चकतीवर जास्त टेप बसवायची म्हणल्यावर तिला पातळच करावं लागनार."

"जाडी निम्मी, लांबी दुप्पट," हे म्हणाले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पुढचं गणित पोटात ठेवलं.

मशिनला तोवर नवा पट्टा बसला होता, म्हणून तरीही लावून बघितली. आमच्या मशिननं तिला असं ओढलं की तळहाताएवढ्या लांबीचा सुतळीसारखा पीळ झाला. जुनी मशिनं जाड टेपसाठी केलेली, परसराम सांगत होता. त्यांच्या ओढीला पातळ टेप टिकत नाही. दुसरी टेप यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं आणून दिली. तो कुठल्याशा रेडिओ केंद्राच्या भांडारात होता आणि ती तिथून टाकून दिलेली. काळ्या पाठीची, जाड, दिसायला एकदम भारी. मला वाटलं, आता जमलं. ती लावली तर मशिन दार करकरावं तसं ओरडायला लागलं आणि आवाज वाचणाऱ्या भागावर तपकिरी डिंक जमला. परसरामनं स्पिरिटच्या बोळ्यानं तो पुसून काढला. "ही मोठ्या मशिनीची. हिच्यावर आवाज उठवायला आपल्या मशिनीत जोर न्हाई. वरून पडून पडून चिकट झाली. भारी हाय, पण आपल्याला चालायची न्हाई." मला तेव्हा कळलं की चांगली टेप आणि आपल्या मशिनला चालणारी टेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थळं बघणाऱ्या माणसांना हे आधीच माहीत असतं.

होळी तोंडावर आली होती. पळस फुलून झडत आला होता. वाळवणावर कंद खडखडायला लागले होते. हे रोज शाळेतून आल्यावर त्या डब्याकडे बघायचे आणि काही विचारायचे नाहीत, आणि ते न विचारणं मला फार लागायचं. तिसऱ्या रविवारी गेलो तर परसराम एक चकती घेऊन बसला होता. साधी, तपकिरी, जाड टेप. त्यानं ती उजेडात धरली. आरपार दिसलं.

"एकाच जातीची हाय," तो म्हणाला. "उस्तादानं दिली व्हती मला."

त्यानं मशिन चालू केलं. खरखर झाली, मग एका बाईचा आवाज आला, उंच, मोकळा, आणि मागून पाच-सहा जणी धरणाऱ्या. होळीचं लेंगी गाणं. त्यांच्या बोलीतलं, मला अर्थ लागला नाही, पण पाय हलावेत असं.

"कोण हाय हे?" यांनी विचारलं.

"याडी." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "माझी स्वताची मशिन कवाच भंगारात गेली. टेप तेवढी राहिली. लय वर्सांनी ऐकून राहिलो."

हे उठून उभे राहिले. "बंद कर. ही नको लावू, परसराम."

"काहून?"

"अरे, आईचा आवाज हाय तुझ्या. तुटली तर?"

परसरामनं मशिनवरचा हात काढला नाही. "सर, तुमची आई टेपमधीच हाय," तो म्हणाला. "माझी तांड्यात हाय. आजून रोज शिव्या देती. मला तिचा आवाज कवाबी भेटतो. तुमाला कुठं भेटनार?"

त्याचं वाक्य पुरतं व्हायच्या आत मशिननं टेप ओढली. तडतड आवाज झाला आणि गाणं थांबलं. सुरुवातीचा सगळा भाग चुरगळून चाकाखाली गेला होता, जोडताही येणार नाहीत असे बोटभर लांबीचे तुकडे झाले होते. मी तोंडावर हात ठेवला. परसराम ते तुकडे वेचत खाली बसला आणि उजळलेल्या चेहऱ्यानं वर बघून म्हणाला, "घावलं. ओढ जास्त हाय. तुमची लावली असती, तर तिचं हेच झालं असतं."

त्या दिवशी त्यानं ओढ सैल केली. जुन्या टोपीचा नमदा, म्हणजे दाबलेली लोकर, कापून घासणाऱ्या जागी लावला. पुन्हा याडीची टेप लावली, पुन्हा बरीचशी चाकाखाली गेली. पुढच्या रविवारी परत. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी टेप शेवटपर्यंत सुरळीत गेली, पण तोपर्यंत उरलं होतं ते शेवटचं टोक. त्यात गाणं नव्हतं. गाणं संपल्यावरच्या टाळ्या होत्या आणि बायकांचं हसणं.

पुढे चार वर्षांनी याडी गेली. त्याआधी ती आम्हाला किती तरी वेळा म्हणाली होती, मशिन आना, परत म्हनते की गानं! आम्ही कॅसेटवर घेऊ, पुढच्या होळीला घेऊ म्हणत राहिलो. शाळा, परीक्षा, हळद. राहून गेलं. याची लाज मला आजही वाटते आणि ती मी झाकत नाही. तिच्या दिवसांनंतर परसराम एकदा आमच्याकडे आला, तो टेपचा तुकडा घेऊन. यांनी स्वतः लावला. तोवर यांचा हात बसला होता. टाळ्या वाजल्या, बायका हसल्या, संपलं. "त्यातली शेवटची हसती ती याडी," परसराम म्हणाला, आणि चहा प्यायला. या माणसाचे उपकार मानायला माझ्याकडे त्या दिवशी शब्द नव्हते. आजही मी ते पानभर लिहून बघतेय आणि पुरत नाहीत. कोणी रक्त देतं, कोणी वेळेला धावून येतं. या माणसानं दुसऱ्याच्या आईला वाचवायला आपल्या आईचं गाणं चाकाखाली घातलं, आणि वर म्हणाला, घावलं.

पण हे सगळं नंतरचं; मशिन तयार झालं ते त्याच वर्षी, पाडव्याच्या आत. फाट्यावर ट्रकचे हॉर्न, कुरुंद्यात ढोलाची धूळ. म्हणून परसराम म्हणाला, तांड्यात चला, दुपारी कोणी नसतं. जीपमध्ये मशिन दोघांच्या मांडीवर धरून आम्ही गेलो. तांड्यातली माणसं रानात होती. एका दारात याडी बसली होती, कपाळापर्यंत ओढणी, कोपरापर्यंत बांगड्या, मिसरी लावत. परसरामनं तिला सांगून टाकलं होतं की तुझं गाणं मशिननं खाल्लं. ती मला बघून म्हणाली, "लय भूक लागली व्हती वाटतं तुमच्या मशिनीला," आणि मोठ्यानं हसली. मी तिच्या पाया पडले. तिनं मला सरळ आत ढकललं, आधी काम करा म्हणाली.

कॅसेटचा रेकॉर्डर तारेनं जोडला, म्हणजे एकदा वाजली की आवाज तिकडे उतरेल. परसरामनं सासूबाईंची टेप चढवली. हे भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या आणि शर्टाची वरची गुंडी लावली होती. कशासाठी ते मी विचारलं नाही. चकत्या फिरायला लागल्या. खरखर. मग एकदम, खणखणीत, तरुण आवाजात मामंजी: "हां, झालं चालू. बोल आता. बोल ना काहीतरी."

मी यांच्याकडे बघितलं. वडिलांचा इतका तरुण आवाज त्यांनीही कधी ऐकला नसेल.

मग काहीच नाही. नुसती सळसळ. कापडाला कापड घासावं तशी.

परसरामनं आवाज वाढवला. सळसळ वाढली. त्यानं हातानं चकती थांबवली, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, टेप थोडी मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा मामंजी खणखणीत, आणि पुन्हा ती सळसळ. "मानसाचा आवाज बराबर येऊन राहिला," तो पुटपुटला, "बाईचाच काहून येईना?" त्यानं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. हे पुढे सरकले, कान स्पीकरच्या जाळीला लावला. त्यांची मान ताठ झाली होती. नेमकी तीच जागा माझ्या हळदीनं खाल्ली असणार. नेमकी तीच. चाळीस वर्षं त्या पेटीत सासूबाई सुखरूप होत्या आणि मी एका पावसाळ्यात त्यांचा आवाज घालवला. यांना आता काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात दारातून याडीनं ओठांवर बोट ठेवलं. ती आत आली, मशिनच्या समोर उकिडवी बसली आणि मान तिरकी करून ऐकायला लागली.

"टेप खराब न्हाई," ती परसरामला म्हणाली. "बाई हळू बोलून राहिली."

आम्ही पुढे झुकलो. सळसळीतून शब्द सुटायला लागले. बारीक, किंचित घोगरा, घाईतला आवाज. आत्यासारखा नाही, मावशीसारखा नाही, कोणासारखाच नाही.

"काय बोलू? तुमी हळू बोला आधी. लेकरू आत्ताच निजलं हाय, उठंल."

मामंजी हसले. मग तेही दबक्या आवाजात बोलायला लागले. दोघं कुजबुजत होते, भाकरीचं, कुठल्याशा गावाला जायचं, मधूनमधून ती थांबायची, बहुतेक मागे वळून बघत असेल, आणि पुन्हा बोलायची. परसरामचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि त्यानं आवाज अगदी कमी केला. याडीनं दार लोटून घेतलं.

हे परत भिंतीला टेकले होते. त्यांनी डोळे मिटले होते, हात मांडीवर सैल सोडले होते आणि श्वास निजलेल्या लेकरासारखा संथ चालला होता. टेप संपली, रिकामं टोक चकतीवर फटफट आपटत फिरत राहिलं, तरी आमच्यातलं कोणी उठून त्यांना जागं केलं नाही.